रंगाआधी रेषा

चित्रकला शिकू पाहणाऱ्याच्या हाती प्रथम पेन्सिल द्यावी की कुंचला, हा प्रश्न वरकरणी चित्रकलेच्या वर्गापुरता आहे. त्याची चर्चा शिक्षकांनी करावी आणि धर्मगुरूंनी आपले काम पाहावे, असे कोणी म्हटल्यास ते गैर ठरणार नाही. तरीही या प्रश्नाने गेली काही वर्षे आम्हांला स्वस्थ बसू दिलेले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत धर्मग्रामाच्या सभागृहात चित्रकलेचा वर्ग भरतो. आईवडील मुलांसाठी जलरंगांची पेटी, लहानमोठे कुंचले, जाड कागदाची वही असा सारा सरंजाम घेऊन येतात, आणि सर मात्र टेबलावर एक मातीचे मडके ठेवून सांगतात, "पेन्सिली काढा." पहिला आठवडा मडके, दुसरा आठवडा मडके आणि शेजारी एक वीट, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मडके, पण खिडकीच्या बाजूने उजेड घेऊन. मग कोणी ना कोणी आमच्या दाराशी येते. "फादर, महिना होत आला, पोर अजून मडकंच काढतंय. रंगांची पेटी तशीच पडलीय."

तक्रार खोटी नसते. मूल रंगांच्या ओढीने आलेले असते. ही ओढ हेच त्याचे भांडवल, आणि मडक्यापुढे महिनाभर बसवून आपण ते खर्ची टाकत असतो. पुष्कळांचे ते तिथेच संपते. दुसऱ्या वर्षी ती मुले वर्गाकडे फिरकत नाहीत. उद्या मिळणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या नावाने दुसऱ्याचा आजचा आनंद रोखून धरण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो? आईवडील तो अधिकार रोज वापरतात, शिक्षक वापरतात. आम्हांलाही सेमिनरीत ईशज्ञानाच्या वर्गाची पायरी चढण्यापूर्वी तत्त्वज्ञानाची वर्षे काढावी लागली, आणि तर्कशास्त्राच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसलेल्या सोबत्यांपैकी काही जण ती पायरी चढलेच नाहीत. तेव्हा हा अधिकार जो वापरतो त्याने त्याचा हिशेब द्यायला हवा. 'आधी पाया, मग कळस' एवढे म्हटले की हिशेब मिटला असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती पुरेशी वाटत नाही.

पायाचा आग्रह मात्र फार जुना आहे. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने आपल्या व्यवसायाचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. शिकाऊ मुलाने आरंभ कसा करावा हे त्याने एखादी पाककृती सांगावी तसे सांगितले आहे. घट्ट लाकडाची एक लहानशी फळी घ्यावी. जेवणाच्या टेबलाखाली पडलेली कोंबडीची हाडे उचलून ती पांढरीशुभ्र होईपर्यंत विस्तवात जाळावीत, त्यांची अगदी बारीक पूड करावी, ती थुंकीने फळीवर पसरावी आणि तिच्यावर चांदीच्या टोकाने रेषा काढाव्यात. फळीवरच्या या रेषांना एक वर्ष. पुढे गुरूच्या कार्यशाळेत रंग खलणे, सरस उकळणे, फळ्यांना अस्तर चढविणे अशा कामांत सहा वर्षे. प्रत्यक्ष रंगकामात आणि भिंतीवरच्या कामात आणखी सहा. एकूण तेरा. आणि या तेरा वर्षांत सणाचा दिवस असो वा कामाचा, रेखांकन म्हणून थांबवायचे नाही. चेन्निनी स्वतः बारा वर्षे आपल्या गुरूच्या हाताखाली होता. आमच्या पालकांनी हे वाचले तर एका महिन्याच्या मडक्याबद्दल ते सरांचे आभारच मानतील.

दुसरी साक्ष व्हासारीची. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या या गृहस्थाने १५६८ च्या आवृत्तीत एक प्रसंग नोंदविला आहे. व्हेनिसचा तिशियन १५४५-४६ मध्ये रोमला आला होता. व्हासारी आणि मायकेलअँजेलो त्याच्या भेटीस गेले, त्याने रंगविलेले चित्र पाहिले आणि तोंडावर चांगली वाखाणणी केली. बाहेर पडल्यावर मायकेलअँजेलोचा सूर बदलला. रंग आणि हाताळणी आपल्याला आवडली, पण व्हेनिसमध्ये आरंभापासून नीट रेखांकन शिकत नाहीत ही मोठी खेदाची गोष्ट, असा त्याचा अभिप्राय पडला. हे सांगणारा व्हासारी फ्लॉरेन्सच्या परंपरेचा अभिमानी आणि मायकेलअँजेलोचा भक्त. १५६३ साली फ्लॉरेन्समध्ये रेखांकनाच्याच नावाने जी अकादमी निघाली, तिच्यामागेही हाच होता. तेव्हा साक्षीदार घरचा आहे हे विसरू नये. शिवाय तिशियनच्या चित्रांपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यांत काही उणे आहे असे सहसा वाटत नाही. थोरांच्या नावावर निकाल लावायचा तर तो दोन्ही बाजूंनी लावता येतो.

म्हणून थोरांना थोडा वेळ बाजूला ठेवावे आणि मडक्याकडेच वळावे.

पहिल्या दिवशी बहुतेक मुले मडक्याचे तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेषेने. मडक्याचे तोंड गोल असते हे त्यांना ठाऊक असते. मडके टेबलावर नीट बसले आहे, म्हणजे त्याचे बूड सपाट आहे, हेही ठाऊक असते. परंतु बाकावर बसलेल्या मुलाच्या डोळ्याला ते तोंड गोल दिसतच नाही. ते चेपलेले, लांबट दिसते, आणि बुडाची कडाही त्याच वळणाने वळलेली दिसते. मुलाने ठाऊक असलेले मडके काढले. समोरचे मडके त्याने अजून पाहिलेलेच नाही. हे सांगून पटत नाही. मग सर हात लांब करायला लावतात. कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी, अंगठ्याच्या नखाशी माप. तोंडाची रुंदी मडक्याच्या उंचीत किती वेळा बसते ते मोजा. मुले मोजतात, कागदाकडे पाहतात, पुन्हा मोजतात, आणि मग वर्गात एक विलक्षण शांतता पसरते. खोडरबराचा आवाज तेवढा येत राहतो.

मोठ्यांचीही हीच कथा. चेहरा काढताना डोळे कपाळाजवळ नेऊन बसविणे ही जवळजवळ सर्वांची खोड. माथ्यापासून हनुवटीपर्यंत मोजले तर डोळे मध्याच्या आसपास येतात, हे आरशात मोजून दाखविले तरी पुष्कळांचा विश्वास बसत नाही. कपाचा कान बिघडला की सर कान काढूच नका म्हणतात. कान आणि कप यांच्या मधली रिकामी जागा काढा. त्या रिकाम्या जागेला नाव नसते, तिच्याविषयी आपले आधीचे काही मत नसते, म्हणून ती बरोबर उतरते, आणि ती बरोबर उतरली की कान आपोआप जागेवर येतो. ही युक्ती आम्हांला प्रथम कळली तेव्हा तत्त्वज्ञानाच्या वर्गात ऐकलेल्या पुष्कळ गोष्टींहून ती मोलाची वाटली, हे आमच्या गुरुजनांची क्षमा मागून नमूद करतो.

या साऱ्यात चूक दाखविणारा शेवटी मडकेच असते. सरांचे म्हणणे न पटल्यास त्यांच्याशी हुज्जत घालता येते, त्यांचा राग आहे असे म्हणता येते, वर्ग बदलता येतो. मडक्याचा कोणावर राग नसतो. ते तेथे आहे तसे आहे, आणि आपली रेषा त्याच्याशी जुळते किंवा जुळत नाही. आपल्याबाहेरच्या एखाद्या वस्तूला 'तू चुकलास' असे म्हणू देणे आणि ते ऐकून रेषा बदलणे, यात अपमान नाही हे दहा वर्षांच्या मुलाला कळणे ही लहान घटना नव्हे. पन्नाशीतल्या पुष्कळांना ते कळलेले नसते. आमच्या दिवाणखान्यातील बैठकांना जे हजर असतात त्यांना याचा अनुभव आहे.

मग हेच रंगांतूनच का शिकू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अगदी साधे आहे. रंगचित्रात एकाच वेळी चार प्रश्न समोर उभे असतात: आकार बरोबर आहे का, उजळ भाग आणि काळोखा भाग यांचे प्रमाण बरोबर आहे का, रंगाची छटा बरोबर आहे का, आणि कडा कोठे धारदार व कोठे विरलेली हवी. चित्र बिघडले की नवख्याला यांपैकी कोणते उत्तर चुकले ते ओळखता येत नाही. तो निळ्यात पिवळा मिसळून पाहतो, आणि दोष असतो तो खांद्याच्या उतारात. पेन्सिल हाती दिली की चारांपैकी दोन प्रश्न तूर्त बाजूला ठेवले जातात. डोळे किलकिले करून पाहिले म्हणजे रंग फिके होतात आणि छायाप्रकाश तेवढा उरतो, ही जुनी युक्ती त्याच हेतूची. एका वेळी एकच प्रश्न विचारणे ही शिक्षा खासच नव्हे; शिकणाऱ्यावर केलेली ती दया आहे. फक्त हे शिकणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे. न सांगितले तर दयाही शिक्षेसारखी दिसते.

ठाऊक असलेले आणि समोर दिसणारे यांतील हे अंतर मडक्यापुरते राहत नाही. आयरिस मर्डॉक या इंग्रजी कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ बाईंनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिले आहे. नवलाची गोष्ट अशी की ते सासूसुनेचे आहे. सासूच्या मते सून स्वभावाने वाईट नाही, पण जरा अडाणी, मर्यादा न सांभाळणारी, पोरकट आहे. सासू सुसंस्कृत असल्यामुळे तिच्या वागण्यात हे कधी उतरत नाही. बाहेरून सारे गोड. पुढे तीच सासू स्वतःशी म्हणते की आपण जुन्या वळणाच्या आहोत, कदाचित मनात मत्सरही असेल, पुन्हा एकदा पाहू या. आणि लक्ष देऊन पाहता पाहता सून तिला अडाणी न वाटता साधी वाटू लागते, पोरकट न वाटता ताजी आणि उत्साही वाटू लागते. वागण्यात तसूभरही फरक पडलेला नाही. बदल सारा पाहण्यात झाला आहे. मर्डॉकबाईंच्या मते नैतिक जीवनाचा मोठा भाग याच न दिसणाऱ्या कामात जातो. आमच्या धर्मग्रामातील घरांत हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. सासूने प्रथम काढलेले सुनेचे चित्र म्हणजे पूर्ण गोल तोंडाचे मडके. सून कशी असते हे तिला आधीच ठाऊक होते.

परंतु येथे एक मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या तोंडून ऐकणे बरे. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात धर्मप्रचारक म्हणून अयशस्वी ठरल्यावर, १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरविले. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने नवशिक्यांसाठी काढलेले रेखांकनाचे नमुने त्याने मिळविले आणि तो ते पुन्हा पुन्हा गिरवीत बसला. पुढे हेग शहरात आंतोन माऊव्ह हा नात्यातला चित्रकार त्याला शिकवू लागला. माऊव्हने त्याला प्लास्टरच्या हातापायांवरून रेखांकन करायला सांगितले. १८८२ सालची ही गोष्ट. व्हिन्सेंटने ते प्लास्टरचे तुकडे कोळशाच्या टोपलीत फेकून फोडले. जिवंत माणसांचे हातपाय जगात शिल्लक आहेत तोवर आपण प्लास्टरकडे वळणार नाही, अशा आशयाचे त्याने आपल्या भावाला कळविले.

पाया नाकारणाऱ्यांना हा प्रसंग फार आवडतो. त्यांनी तो पुढे वाचावा. प्लास्टर फोडणाऱ्या या माणसाने रेखांकन एक दिवसही सोडले नाही. माती खणणारे मजूर, विणकर, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, म्हातारे आश्रित यांची चित्रे तो पेन्सिलीने, कोळशाने, शाईने काढीत राहिला. बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे त्याचे चित्र १८८५ चे, म्हणजे आरंभानंतर पाच वर्षांनी आलेले, आणि त्याच्यापूर्वीच्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे चेहरे एकामागून एक अभ्यासले होते. १८८६ साली तो पॅरिसला आला तेव्हा ज्या प्लास्टरचा त्याला तिटकारा होता त्याच प्लास्टरच्या मूर्तींपुढे तो आपणहून बसला. आणि १८९० साली, आयुष्याचे थोडेच आठवडे उरले असताना, त्याने भावाकडे मागणी केली ती बार्गच्या त्याच नवशिक्यांच्या नमुन्यांची. ते त्याला पुन्हा गिरवायचे होते. गव्हाची शेते आणि तारांकित रात्री रंगवून झालेल्या माणसाची ही मागणी आहे.

तरी माऊव्हवर फेकलेला तो राग आम्ही सर्वस्वी गैर मानीत नाही. मेलेले आरंभ असतात. ज्या अभ्यासात आज काहीच नाही, सारे उद्याच आहे, तो अभ्यास शिकणाऱ्याचा आज फुकट घेतो. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते. मडके काढायला लावण्याचा अधिकार शिक्षकाला उद्याच्या रंगचित्रामुळे मिळत नाही. उद्या कोणी पाहिला आहे, आणि वर्गातल्या तीस मुलांपैकी चित्रकार कदाचित एकही होणार नाही. तो अधिकार मिळतो तो मडके पाहणे हेच आज मुलाच्या पदरात काही टाकत असेल तर. वर्गात पसरलेली ती शांतता खरी असेल तर. ती नसेल, मुले केवळ जांभया देत असतील, तर सरांनी मडके बदलावे, किंवा स्वतः मुलांच्या शेजारी बसून तेच मडके काढावे. आमचे सर तसे बसतात. जे शिक्षक हातात पट्टी घेऊन फिरतात आणि पेन्सिलीला शिवत नाहीत, त्यांच्याबद्दल आमचे मत बरे नाही. शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत अलीकडे हे फार दिसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा एरवी चांगल्या. पण त्यांच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळू लागल्यापासून स्मरणचित्रसुद्धा पाठ करून घेणारे वर्ग निघाले आहेत. स्मरणचित्र पाठ करणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

पाया एकच असतो असेही नाही. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत युरोपच्या पद्धतीचे शिक्षण रुजले, आणि तिने महाराष्ट्राला उत्तम चित्रकार दिले. गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका, जन्म १९०२, वैद्यकीचे शिक्षण सोडून याच शाळेत आले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी बसले, आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरियामाता रंगविली. ती पाहून आपलेच काही लोक रागावले, हा इतिहास येथे उगाळत नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच की एक पाया सोडून ते थेट रंगांकडे धावले नाहीत. त्यांनी दुसरा पाया धरला आणि पुन्हा विद्यार्थी झाले.

आमच्या पालघर जिल्ह्यातील वारली स्त्रियांचे उदाहरण त्याहून विचार करायला लावणारे. लग्नघराच्या गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यांच्या हाती ना पेन्सिल ना खोडरबर. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ केली की कुंचला झाला. त्यांना कोणी शिकविले नाही असे शहरातला पाहुणा सहज म्हणून जातो. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्यांत माणूस, डोंगर, झाड आणि देवीचा चौक बसविणारी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या बायकांच्या शेजारी उभे राहून हातात उतरलेली आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे शिकविणे चालू होते. पाहुण्याला ते शिकविण्यासारखे दिसले नाही, एवढेच.

एका छोट्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर आम्ही शेवटच्या भोजनाचे चित्र पाहिले आहे. रंगविणारा तरुण गुणी होता. सायंकाळचा उजेड त्याने फार सुंदर आणला होता. तेरा माणसे, म्हणजे सव्वीस हात. त्यांपैकी दिसत होते चार. उरलेले टेबलाखाली, बाह्यांत, सुरईमागे, शेजाऱ्याच्या पाठीमागे. विचारले तेव्हा ही आपली शैली आहे असे तो म्हणाला. संत थॉमस अक्वायनस यांनी कला आणि विवेक यांत एक बारीक भेद केला आहे. कलेत जो जाणूनबुजून चुकतो तो नकळत चुकणाऱ्याहून श्रेष्ठ. विवेकाच्या, म्हणजे आचरणाच्या बाबतीत नेमके उलट. पेटीमास्तर मुलांना दाखविण्यासाठी मुद्दाम बेसूर गातात तेव्हा त्यांचे गाणे कमी होत नाही. पण जाणून केलेले खोटेपण नकळत झालेल्या खोटेपणाहून वाईट. हा भेद हाताशी धरला तर त्या तरुणाला विचारण्याचा प्रश्न सोपा होतो. हात दाखविता येत असून तू ते झाकलेस का? तसे असेल तर ती शैली, आणि तिचा मान राखला पाहिजे. येत नाहीत म्हणून झाकले असतील तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हात काढणे अवघडच असते. पण त्याला शैली म्हणणे हा मुद्दा कलेच्या हद्दीतून निघून दुसऱ्या हद्दीत जातो.

कोणी म्हणेल, काराव्हाज्जोचे काय? खात्रीने त्याचे म्हणता येईल असे एकही रेखांकन आज शिल्लक नाही. त्याने थेट कापडावर रंगविले असे मानतात. रंगाखालच्या अस्तरात टोकदार वस्तूने ओढलेल्या काही खुणा तेवढ्या सापडतात. आणि तरी रोमच्या सान लुईजी चर्चमधील संत मत्तयच्या पाचारणाच्या चित्रात, १५९९-१६०० च्या सुमारास, ख्रिस्ताचा तो लांबविलेला हात त्याने असा काढला की चारशे वर्षे लोक त्या हाताकडे पाहत आहेत. उत्तर एवढेच की १५८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तो मिलानमध्ये चार वर्षांच्या कराराने एका चित्रकाराकडे शिकायला बसला होता. कागद उरले नाहीत. हातात मुरलेले उरले.

पण काराव्हाज्जो आमच्यापुढे दुसरीच अडचण उभी करतो. जकातीच्या टेबलाभोवतीची माणसे इतक्या खरेपणाने पाहणाऱ्या या चित्रकाराने १६०६ साली रोममध्ये भांडणात एका माणसाचा जीव घेतला. म्हणजे डोळा शिकला की मन शिकतेच असे नाही. अक्वायनस यांनाही हे ठाऊक होते; कलावंत चांगला असण्यासाठी त्याने चांगला माणूस असावे लागत नाही, असे ते स्वच्छ म्हणतात. म्हणून मडके काढल्याने मुले सद्‌गुणी होतील असे आश्वासन आम्ही पालकांना देत नाही. सासूला सून दिसण्यासाठी सुनेकडेच पाहावे लागेल. कपाच्या कानाचा सराव तेथे कामी येईल, न येईल.

आता तर आणखी सोय झाली आहे. काय हवे ते चार शब्दांत मोबाइलला सांगितले की तो क्षणात तयार रंगचित्र पुढे ठेवतो, सव्वीसही हातांसकट. मग शिकायचेच कशाला, असे मुले विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. ज्याला चित्र हवे आहे त्याने ते जरूर घ्यावे. ज्याला मडके पाहायचे आहे त्याच्यासाठी मात्र मोबाइलला काही करता येणार नाही, कारण पाहणाऱ्याच्या जागी दुसऱ्याला बसविता येत नाही.

वर्गात मुलांबरोबर अलीकडे काही मोठी माणसेही येतात. त्यांत एक निवृत्त परिचारिका आहेत, वय अडुसष्ट. आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या. आता पती अंथरुणाला खिळलेले. तरुणपणापासून एकच इच्छा होती, घरामागची वाडी रंगांत उतरवायची: केळी, विहीर, पावसाआधीचा तो जड उजेड. सरांनी त्यांनाही रीतसर सहा महिन्यांचे रेखांकन सांगितले. त्या आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या नाहीत. प्रश्न घेऊन आल्या. "फादर, सर म्हणतात ते खरंच आहे. पण एवढे दिवस मी कुठून आणू?"

आम्ही सरांशी बोललो. सरांचे म्हणणे, आकार पक्का झाल्याखेरीज वाडी जमायची नाही, मग त्यांनाच वाईट वाटेल. आमच्या मते येथे सरांचा अधिकार संपतो. दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने थांबण्याचा निर्णय मोठ्यांनी घ्यावा लागतो. अडुसष्ट वर्षांच्या बाईंच्या वतीने तो कोणी घेऊ नये. चित्र कच्चे राहील हे त्यांना सांगावे, का राहील हेही सांगावे, आणि पेटी उघडू द्यावी. चेन्निनीच्या त्या तेरा वर्षांतही रेखांकन आधी आणि रंग नंतर असे शेवटी उरत नाही; रंग सुरू झाल्यावरही रेखांकन चालूच असते, सणाच्या दिवशीसुद्धा.

बाईंनी पास्काच्या आठवड्यात रंग सुरू केले. विहिरीचा काठ अजून पूर्ण गोलच येतो, त्यांना ते दिसते, आणि त्या हसून पुसून टाकतात. सायंकाळी पतीला औषध देऊन झाले की खाटेजवळ बसून त्या पेन्सिलीने त्यांचा उशीवर पडलेला हात काढतात. तो हात आपण पस्तीस वर्षे धरला, पण करंगळी इतकी आखूड आहे हे कधी पाहिलेच नव्हते, असे त्यांनी परवा सांगितले.